लेक गोली झाली, आता वहीत काय लिहायचं?

कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. घरातलं कुणी त्यात गोली, म्हणजे गोलरक्षक, झालं की दोन-चार हरलेल्या सामन्यांत घरातला हिशेबी माणूस जागा होतो. आमच्याकडे तो मी. लेक यू-१३ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांखालच्या गटात, खेळते. दोन सीझन मी तीन तऱ्हांनी आकडे ठेवून पाहिले. तुम्ही वही उघडायच्या बेतात असाल, तर तिन्हींबद्दल सांगतो.

सगळ्यांत कमी कष्टाची पद्धत म्हणजे दर सामन्याला किती गोल खाल्ले, म्हणजे जीएए (गोल्स अगेन्स्ट अ‍ॅव्हरेज). गोल मोजायचे, त्यांना सामन्याच्या मिनिटांनी गुणायचं आणि ती प्रत्यक्ष जितकी मिनिटं गोलवर होती त्यांनी भागायचं. एनएचएलचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगचं, ६० मिनिटांचं माप मात्र घेऊ नका. सामना ४५ मिनिटांचा असेल तर तीन गोलांचे कागदावर चार होतात.

खरी अडचण वेगळीच आहे. हा आकडा गोलीपेक्षा टीमचा जास्त असतो. हे एनएचएललाही कळायला वेळ लागला. १९८०-८१ पर्यंत गोलींसाठीची वेझिना ट्रॉफी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या टीमच्या गोलींना मिळायची. पुढच्या सीझनपासून ती टीमच्या जनरल मॅनेजरांच्या मतांवर ठरू लागली आणि कमी गोलांसाठी जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली.

दुसरी पद्धत सेव्ह टक्केवारीची: अडवलेले शॉट भागिले एकूण शॉट. समजा एका गोलीवर १२ शॉट आले, २ आत गेले. दुसरीवर ३४ आले, ४ गेले. गोल मोजले तर पहिली दुप्पट चांगली. टक्केवारीत पहिली ८३.३, दुसरी ८८.२. त्या दिवशी भरपूर काम कुणी केलं, हे इथे लगेच दिसतं.

पण शॉट कशाला म्हणायचं? आत गेलेला, किंवा अडवला नसता तर आत गेला असता, तोच शॉट. पोस्टला (गोलच्या खांबाला) लागून बाहेर आलेला पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, धरायचा नाही, बाजूने गेलेला नाही, आणि आपल्याच डिफेन्सने मध्ये अडवलेलाही नाही. स्टँडमध्ये बसलेल्या आईबाबांना आपल्या लेकराचे सेव्ह जरा जास्तच दिसतात. माझा आणि दुसऱ्या एका बाबांचा आकडा एकाच सामन्यात पाचाने वेगळा निघाला होता. म्हणून मोजणारा माणूस सीझनभर एकच ठेवा.

आणि घाई करू नका. २० शॉटच्या सामन्यात एक गोल म्हणजे पाच टक्के. जिची खरी पातळी ९० आहे ती एका शनिवारी ८५ आणि पुढच्या शनिवारी ९५ दाखवेल, आणि तिच्या खेळात काडीचाही फरक पडलेला नसेल. दोन डावांवर बॅट्समनची सरासरी काढावी तसलाच हा प्रकार. २०२४-२५ मध्ये एनएचएलमधला गोली कॉनर हेलबकने ९२.५ टक्के राखले, पण ते दीड हजारांहून जास्त शॉटवर. मी आता दर दहा सामन्यांचे शॉट एकत्र करून एकच आकडा काढतो.

तिसरी पद्धत माझ्या आवडीची, आणि सगळ्यांत त्रासाची. कागदावर गोलच्या दोन्ही पोस्टपासून समोरच्या दोन फेसऑफ ठिपक्यांपर्यंत (जिथे पक टाकून खेळ सुरू करतात) आणि तिथून त्या ठिपक्यांभोवतीच्या वर्तुळांच्या वरच्या कडेपर्यंत रेघा मारा. आतला भाग जवळचा, बाकी सगळा लांबचा. शॉट जिथून आला तिथे अडवला तर छोटं वर्तुळ, गोल झाला तर फुली. रिबाउंडवरचा, म्हणजे अडवून परत उसळलेल्या पकवरचा, असेल तर शेपटी काढायची. आमच्या वहीत लांबून थेट गेलेल्या फुल्या थोड्याच निघाल्या. शेपटीवाल्या मात्र भरपूर. पहिला शॉट ती अडवत होती, पण पक पॅडवरून सरळ समोर सोडत होती. कोचला ‘टक्केवारी ८७ आहे’ म्हणून सांगून तो काय करणार? हा कागद पाहिल्यावर त्याने सरावात रिबाउंड कोपऱ्याकडे ढकलण्यावर भर दिला.

किंमतही आहेच. सामना बघायचा राहून जातो. माझे निम्मे सुंदर सेव्ह वहीत मान घातल्यामुळे हुकले.

मग निवडायचं काय? यू-९ आणि यू-११ ला काहीच नको. त्या वयात बरेचदा पोरं पाळीपाळीने गोलवर उभी राहतात, राहू द्या. यू-१३ पासून टक्केवारी पुरे. कागदाची पद्धत कोच खरंच बघणार असेल तरच, तीही तीन-चार सामन्यांतून एकदा. जीएए शॉट मोजायला कुणीच नसेल तेव्हाचा. जादा खेळाडू उतरवायला गोली बाहेर बोलावल्यावर रिकाम्या गोलात गेलेला पक तिच्या नावावर मांडू नका. घरी जाताना गाडीत आकडा तिने विचारला तरच सांगा. आमची बहुतेक वेळा टिम हॉर्टन्सला (इथली कॉफी-डोनटची दुकानं) थांबायचं का, एवढंच विचारते.

आणि पेन्सिल न्या. रिंकच्या थंडीत बॉलपेन दुसऱ्या पिरियडपर्यंत (सामन्याच्या तीन भागांतला दुसरा) उठेनासं होतं.