बिलावर ‘ओरिजिनल विंडोज’, मशीनमध्ये चोरीचा माल: बडोद्यातला अनुभव

बडोद्यात शाळा, क्लासेस आणि कॉलेजांना संगणक पुरवणाऱ्या, त्यांची देखभालही करणाऱ्या एका माणसाने आमच्या विभागाला फसवलं. मी तिथे लॅब असिस्टंट आहे. तक्रार दिलेली आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण असं करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

माणूस आपल्यातलाच. दांडिया बाजारात वाढलेला, घरचं मराठी बोलणारा, आमच्या सरांना ‘काका’ म्हणणारा. गुजरातेत कानावर मराठी पडलं की आपण पटकन विश्वास टाकतो. कोटेशनमध्ये त्याचा आकडाही सगळ्यांत कमी होता. बिलावर ‘विंडोज ओरिजिनल, अँटिव्हायरस एक वर्ष’ असं लिहिलेलं. लायसन्सचा कागद मागितला तर म्हणाला, “ताई, हल्ली सगळं ऑनलाइन असतं, कागद नसतो.” डिजिटल लायसन्स असतं हे खरं, पण विकणाऱ्याकडे त्याच्या खरेदीची पावती असतेच. ती त्याने कधीच दिली नाही.

विंडोज क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय सॉफ्टवेअर चालू करणारा चोरटा प्रोग्राम, वापरून चालू केलेली होती. असं क्रॅक विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बहुतेक वेळा पकडतो, म्हणून हे लोक आधी डिफेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इथे तपासू नकोस’ अशी सूट देऊन ठेवतात. आमच्याकडे तर अख्ख्या सी ड्राइव्हला सूट होती. अँटिव्हायरस म्हणजे नुसती ट्रायल, तिची मुदत कधीच संपलेली. तिचं चिन्ह मात्र खालच्या कोपऱ्यात दिसत राहायचं. वॉचमन गेटवर बसवायचा आणि मागचं दार उघडं ठेवायचं, असा तो बंदोबस्त होता.

एका विद्यार्थ्याच्या हे आधीच लक्षात आलं होतं. त्याने सूट दिलेल्या जागांच्या यादीचा फोटो काढून ऑफिसात दाखवला. उत्तर मिळालं, “मशीन चालतंय ना? मग राहू दे.” तक्रार कुणाकडे द्यायची हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ती कुठे नोंदलीही गेली नाही. त्या मुलाचं त्याच दिवशी ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि याचा मला आजही राग येतो.

मग एका सकाळी फाइली उघडेनात. प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं विचित्र शेपूट, आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. हे ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. ते मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधूनच पसरतं, आणि बऱ्याचदा त्याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो.

खरी लूट इथून पुढे झाली. तोच माणूस धावत आला. सरांना म्हणाला, “काका, पोलिसांत गेलात तर कॉलेजचं नाव जाईल. मी फॉरमॅट मारतो. डेटा हवा असेल तर माझा एक माणूस आहे, तो काढून देईल, फक्त रोख लागतील.” सर घाबरले होते, त्यांनी आगाऊ रक्कम दिली. डेटा आला नाही. घाईघाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये दोन मशीन कोरी झाली, आणि त्यांच्यावरच्या क्रॅकचा पुरावाही गेला. त्याची घाई कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

उरलेल्या मशीनची नेटवर्कची केबल मी काढली आणि त्यांना कुणालाही हात लावू दिला नाही. त्यातल्या एकावर पीएच.डी. करणाऱ्या मुलीची रेकॉर्डिंग होती, बडोद्यातल्या म्हाताऱ्या मराठी बायकांच्या मुलाखतींची. तो माणूस ‘सगळं गेलं’ म्हणत होता. पण हा व्हायरस प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतो. लहान वर्ड फाइली त्यात पूर्ण जातात, लांबलचक ऑडिओचा मात्र बहुतेक भाग शाबूत राहतो. फुकट मिळणाऱ्या रिपेअर टूलने तिच्या मुलाखती परत आल्या, फक्त सुरुवातीचं थोडं बोलणं गेलं. फॉरमॅट झालं असतं तर तेही उरलं नसतं.

तक्रारीला बदनामी म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बाकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था अशा घटनांची नोंद घेते. तिच्या २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. म्हणजे ही गोष्ट लपवण्याची नाहीच. व्हायरस काढायची मोफत साधनं सरकारच्याच सायबर स्वच्छता केंद्राकडे मिळतात. आणि त्या मशीनवर उघडलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

तुमच्या लॅबची मशीन अशाच कुणी बसवली असतील तर आज विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये शेवटाकडे ‘एक्सक्लुजन्स’ (सूट दिलेल्या जागांची यादी) आहे, ते बघा. कुणी मुद्दाम काही घातलं नसेल तर यादी रिकामी असते. तुम्ही न घातलेलं काही दिसलं तर आधी फोटो काढा, बिल शोधा, लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या. बसवून देणाऱ्याला फोन त्यानंतर करा.