डिस्चार्जच्या गडबडीत केअरटेकर शोधताना आमची झालेली फसवणूक

ज्यांच्या घरचा पेशंट आत्ता हॉस्पिटलमध्ये आहे आणि डॉक्टरांनी "उद्या-परवा घरी न्या" असं सांगितलंय त्यांनी हे आजच वाचा. बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा, कारण ही वेळ कुणावर कधी येईल सांगता येत नाही आणि आली की वाचायला वेळ मिळत नाही.

माझ्या बाबांना, वय ७४, पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणं कळेनासं झालं, नाकात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी), लघवीला कॅथेटर. हॉस्पिटलमध्ये होते तोवर कूस बदलणं, नळीतून भरवणं, स्पंजिंग सगळं सिस्टर आणि आया करत होत्या. मग एका संध्याकाळी सांगितलं की उद्या डिस्चार्ज. हॉस्पिटल तुम्हाला गोळ्यांची यादी देतं, फॉलोअपची तारीख देतं, बिलाची फाइल देतं, पण रात्री दोन वाजता पेशंटची कूस कोण बदलणार हे कुठल्याच कागदावर नसतं. आई सत्तरीची, दादा-वहिनी दोघं नोकरीला, मी लग्न होऊन पुण्यात. आणि हातात फक्त एक रात्र. हे भामटे बरोब्बर या एका रात्रीची वाट बघत असतात हे मला आता पक्कं कळलंय.

दादाने वॉर्डच्या बाहेर उभं राहूनच मोबाइलवर शोधलं, घरी पेशंट सांभाळायला माणूस पाहिजे म्हणून. वरचे सगळे रिझल्ट "प्रायोजित" लिहिलेले, म्हणजे पैसे भरून वर आणलेले. एका साइटवर नंबर टाकला आणि पाच मिनिटात फोनवर फोन सुरू. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, यातल्या कितीतरी साइट स्वतः कसलीच सेवा देत नाहीत, तुमचा नंबर घेतात आणि पाच-सहा एजन्सींना विकतात, त्या एजन्सी खऱ्या आहेत का हे कोणी बघत नाही. त्यातल्या एकाने मात्र फार छान बोलून दादाला धरून ठेवलं. पहिलाच प्रश्न, "राइल्स ट्यूब आहे का सर? कॅथेटर? बेडसोर सुरू झालाय का? सक्शन लागतं का?" ही भाषा कानावर पडली की माणसाला वाटतं हा यातला आहे, आपला त्रास याला समजतोय. दिवसभरात आमच्याशी इतक्या आपुलकीने कोणी बोललंच नव्हतं.

मग व्हॉट्सॲपवर कागद आले. एका मावशींचं आधार कार्ड, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्याचं सर्टिफिकेट, आणि "सरकारमान्य संस्था" म्हणून एक प्रमाणपत्र ज्यावर वर भारत सरकारची मुद्रा. हे प्रमाणपत्र म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन होतं. ते २०२० पासून ऑनलाइन मिळतं, फुकट, स्वतःच माहिती भरायची आणि सर्टिफिकेट घ्यायचं. लघुउद्योग म्हणून नोंद झाली एवढाच त्याचा अर्थ. पेशंट सांभाळायची परवानगी, ट्रेनिंगची तपासणी, असलं काहीही त्यात येत नाही. पण रात्री साडेनऊला हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मुद्रा बघितली की कोणालाही बरं वाटेल.

पैसे असे. रजिस्ट्रेशन ३,५००, डिपॉझिट १०,०००, एका महिन्याचा ॲडव्हान्स २४,०००. "सर एकच स्टाफ शिल्लक आहे, दुसरी पार्टी पण विचारतीये, तुम्ही टाकले की लगेच बुक करतो." एकूण ३७,५०० गेले. यूपीआय करताना एजन्सीचं नाव वेगळं आणि स्क्रीनवर आलेलं खातेदाराचं नाव वेगळं, कोण्या भलत्याच माणसाचं. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीमुळे. हे वाक्य लक्षात ठेवा, तुम्हालाही हेच ऐकवतील.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, म्हणजे माणूस आलाच नाही असंही नाही, त्यामुळे संशय यायला अजून उशीर. पण त्या आधारवरच्या मावशी नव्हत्या. मराठवाड्यातल्या होत्या, चाळिशीच्या आत, हातात एक पिशवी. आईने नळीचं दूध गाळून दिलं तर त्यांनी बाबा सपाट झोपलेले असतानाच नळीला सिरिंज लावली. आई ओरडली म्हणून थांबल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नळीतून भरवताना पेशंटचं डोकं-पाठ निदान ३० ते ४५ अंश वर पाहिजे आणि भरवून झाल्यावरही अर्धा-एक तास तसंच ठेवायचं, नाहीतर दूध उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. मग उठवून बसवताना त्यांनी बाबांचा लुळा पडलेला उजवा हात धरून ओढला, बाबांना बोलता येत नाही पण त्यांच्या घशातून जो आवाज आला तो आई अजून विसरत नाही. लकवा झालेला हात असा कधीच ओढायचा नसतो, खांदा सांध्यातून निसटतो. फिजिओथेरपिस्ट हे पहिल्याच दिवशी सांगतात.

आईने त्यांना समोर बसवून चहा दिला आणि विचारलं, बाई तू खरं सांग, तू कधी पेशंट सांभाळलाय का. तर त्या रडायलाच लागल्या. त्यांना सांगितलेलं की एका आजोबांकडे स्वयंपाक आणि सोबत एवढंच काम आहे, महिना नऊ हजार. वर त्यांच्याकडूनच युनिफॉर्म आणि जॉइनिंगचे म्हणून दोन हजार घेतलेले. आमच्याकडून २४,००० आणि त्यांना नऊ, तेही हातात पडतील तेव्हा. म्हणून मला त्या मावशींचा जराही राग नाही आणि कोणी कमेंटमध्ये "या बायका अशाच" वगैरे लिहू नये अशी कळकळीची विनंती आहे. आमच्याइतक्याच त्याही फसलेल्या. दादाने त्यांना गाडीभाडं देऊन रात्रीच्या बसला बसवून दिलं.

मग रिप्लेसमेंटसाठी फोन. आज पाठवतो, उद्या नक्की, स्टाफची आई वारली, स्टाफला ताप आहे. इकडे आई आणि वहिनी आळीपाळीने जागत होत्या, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला, माकडहाडाला बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याच्या जखमा होतात. अशा वेळी त्याच माणसाचा वहिनीला फोन, अगदी गोड आवाजात, "ताई, बाबा सत्तरच्या वर आहेत ना? मग आयुष्मानमधून केअरटेकरचं बिल सरकार देतं. फाइल करून देतो, चार्ज फक्त ४,५००." वहिनी तीन रात्री झोपली नव्हती, तिने भरले. मला हा भाग सगळ्यात जास्त चीड आणणारा वाटतो कारण यात खरं आणि खोटं इतकं बेमालूम मिसळलंय की शिकलेला माणूसही गंडेल.

तर नीट वाचा. ७० वर्षं किंवा त्यावरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं हे खरं आहे, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांसाठी, तेही योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. घरी ठेवलेल्या माणसाचा पगार त्यातून मिळत नाही. आणि कार्डाला आधार लागतं, पैसे लागत नाहीत. आयुष्मान ॲपवरून घरच्या घरी काढता येतं, नाहीतर योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन. चौकशीला १४५५५ हा नंबर आहे. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्या टेबलावर जाऊन विचारायचं, त्यालाही पैसे नाहीत. कोणी "फाइल चार्ज" म्हणाला की फोन ठेवा.

शेवटी दादाने पैसे परत मागितले तर भांडण नाही काही नाही, लगेच हो म्हणाले. "अकाउंट्समधून रिफंड येईल सर." आणि आला एक क्यूआर कोड. स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाकला की जमा होईल. ९,८०० अजून गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही, पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे बाहेर, हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आई-वडिलांना तर परत परत सांगा. एकूण हिशोब ५१,८०० झाला. त्यानंतर नंबर बंद. दादा त्यांच्या पत्त्यावर जाऊन आला तर तिथे झेरॉक्सचं दुकान, दुकानदार म्हणाला तुमच्यासारखे आधीही येऊन गेलेत.

क्यूआरचे पैसे गेल्या गेल्या दादाने १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, यात वेळेला फार महत्त्व आहे कारण पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे पळवायच्या आत बँकेला कळलं तर ते तिथेच गोठवता येतात. आमचे त्यातले थोडे अडकलेत, आधीचे ३७,५०० मात्र तोवर कुठल्या कुठे पोचले होते. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार टाकली, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर बँक देते तो व्यवहार क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, कागदांचे फोटो. पोलीस स्टेशनला आधी सांगितलं की माणूस पाठवला होता ना, मग हे दिवाणी आहे. तेव्हा आधारवरची बाई आणि आलेली बाई वेगळी, हा मुद्दा लावून धरला आणि खोट्या कागदपत्रांवरून तक्रार घ्यायला लावली. एजन्सी खरी निघाली पण सेवा देत नाही, रिफंड देत नाही, अशी ज्यांची केस असेल त्यांनी ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एजन्सीच्या गावाला जावं लागत नाही.

आता माणूस शेवटी मिळाला कुठून, ते सांगते. ज्या वॉर्डमधून बाबांना आणलं त्याच वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना वहिनीने रडत फोन केला. त्या म्हणाल्या अगं मला आधी विचारायचंस ना, आमच्याकडच्या जुन्या आया घरी जातात. त्यांनीच समजावून सांगितलं की नर्स आणि अटेंडंट यात फरक आहे. इंजेक्शन, कॅथेटर बदलणं, नळी टाकणं हे रजिस्टर्ड नर्सचं काम, तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी असते, नंबर मागायचा आणि तपासायचा. अंघोळ, डायपर, कूस बदलणं, शिकवलं तर नळीतून भरवणं, हे अटेंडंट करते. आणि जीएनएम झालेली नर्स चोवीस तासांसाठी २४,००० मध्ये येतीये असं कोणी म्हणालं तर तिथेच समजायचं.

तुमचा पेशंट सरकारी किंवा धर्मादाय हॉस्पिटलमध्ये असेल तर तिथे वैद्यकीय समाजसेवक असतात, बहुतेक लोक त्यांच्या टेबलासमोरून रोज जातात पण ते कशासाठी बसलेत हे माहीत नसतं. त्यांना घरच्या काळजीबद्दल, वॉकर-व्हीलचेअर कुठून मिळेल याबद्दल विचारा. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार, त्याचा अर्जही त्यांच्याकडूनच. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. त्या घरी माणूस पाठवत नाहीत, पण योजनांची, जवळच्या सेवांची माहिती देतात, धीर देतात, आईने एकदा नुसतं बोलायला म्हणून फोन केला होता.

आता दिवसाला एक मावशी, रात्रीला एक. दोघींचं मूळ आधार कार्ड बघितलं, पोलीस व्हेरिफिकेशन केलं, आधी ज्या घरी काम केलं त्यांच्याशी आई स्वतः बोलली. पहिल्या दिवशी सिस्टर ड्युटी संपवून घरी आल्या आणि त्यांनी दोघींकडून नळीचं भरवणं समोर करून घेतलं. ॲडव्हान्स नाही, आठवड्याला पैसे, थेट मावशींच्या हातात.

आमची केस सुरू आहे, गोठवलेले पैसे अजून मिळालेले नाहीत. सायबरवाल्या साहेबांनी सांगितलंय की एकाच खात्यावर किंवा नंबरवर वेगवेगळ्या गावांतून तक्रारी आल्या तर त्या जोडून बघता येतात. त्यामुळे केअरटेकर, नर्सिंग ब्युरो, आयुष्मानची फाइल असल्या नावाखाली कोणाचे दोन-तीन हजार जरी गेले असतील आणि सोडून दिलं असेल तर प्लीज सोडू नका, जुने स्क्रीनशॉट शोधा आणि पोर्टलवर तक्रार टाका.