म्हापशाचा काथ्याचा ब्रश: चिऱ्याला चालतो, अक्षरांना नको

हा ब्रश म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ८० रुपयांना घेतला. विकणारीने तुळशीवृंदावन घासायला म्हणून दिला. मी तो दोनापावलाच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत नेला. तिथे आम्ही सहा-सात जण रीतसर परवानगी घेऊन रविवारी सकाळी जातो, कबरी साफ करतो, नोंद ठेवतो. फ्रेंच येतील या धास्तीने १७९९ साली इंग्रजांनी गोव्यात पलटणी आणून बसवल्या, १८१३ साली परत नेल्या. काही जण मात्र तिथेच राहिले.

चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, ब्रश झकास. चिरा सगळा भोकाभोकांचा, पावसाळ्यातलं शेवाळ आत शिरून बसतं. आधी साधं पाणी फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग काथ्या गोल फिरवायचा. काळं पाणी गळायला लागलं की हात थांबवत नाही. एका नव्या भिडूने तारेचा ब्रश आणि संडास धुवायचं ॲसिड आणलं होतं; दोन्ही परत पिशवीत घालायला लावलं. चिऱ्याचा वरचा थर एकदा सोलला की पुढच्या पावसात आतली भुकटी वाहून जाते.

चुन्याच्या गिलाव्यावर मात्र काथ्या नको, चरे पडतात. तिथे रंगाऱ्याचा मऊ ब्रश. आणि कोरलेल्या अक्षरांना तर ब्रशच नको. माझ्याकडे नोंदवही असते, म्हणून सांगते: अक्षर घासून उमटत नाही, तिरक्या उजेडाने उमटतं. घरचा दाढीचा आरसा बाजूला धरून ऊन अक्षरांवर आडवं टाकायचं. एका शिळेवर आम्ही वय २३ लिहून मोकळे झालो होतो. आरसा थोडा कलला आणि ३ चा ८ झाला. ओळ जशी आहे तशीच उतरवायची, न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब. अंदाजाने नाव पुरं करायचा मोह मलाही होतो.

आता तक्रार. मुठीच्या दोन फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकल्यात. तिसऱ्या रविवारी ओला ब्रश एका चौथऱ्यावर विसरून आले. आठवड्याने पाहते तर चुन्यावर दोन तांबडे ठिपके, अगदी खिळ्यांच्या अंतरावर. दोनशे वर्षं पावसात उभा होता बिचारा, डाग माझा लागला. गंज काढायला काहीही लावलं नाही. गंज काढणारं ॲसिड चुन्यालाच खाईल. नोंदवहीत त्या कबरीपुढे तारीख घालून तो डागही लिहिला.

काथ्याला पाच पैकी चार, मुठीला एक. येत्या शुक्रवारी सुंभाने बांधलेला, बिनखिळ्याचा मिळतो का बघते. नाहीतर याच्याच खिळ्यांवर मेणबत्ती वितळवीन.