बदललेल्या ईसीएमसह अकरा महिने : माझ्या डिझेल पिकअपचा अनुभव

गेल्या जूनच्या मध्यावर माझ्या पिकअपचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, बदलून घेतला. त्यानंतर एक पावसाळा, एक हिवाळा आणि खानदेशातला आख्खा मे महिना या गाडीने काढला आहे, त्यामुळे आता त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. गाडी २०१८ ची, बीएस-४ (धुराच्या जुन्या निकषाची), कॉमन रेल डिझेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाने डिझेल मिळणारी) आहे आणि बिघाड सुरू झाला तेव्हा ती १ लाख ६२ हजार किलोमीटर चालली होती. सावदा-फैजपूर पट्ट्यातून केळीचा माल जळगाव, बऱ्हाणपूर आणि कधीमधी धुळ्यापर्यंत पोहोचवणे हे तिचे रोजचे काम आहे.

तक्रार मागच्या वर्षीच्या मार्चपासूनची. सकाळी गाडी एका चावीत सुरू व्हायची, पण ऊन तापल्यावर पाऊण तास चालली की कसलीही पूर्वसूचना न देता इंजिन बंद पडायचे आणि बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटे थांबले की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचे. कापलेली केळी भरून गाडी भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर वरच्या थरातला माल काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडतो, हे इकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पहिल्यांदा बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी-०३३५ हा क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचा, कोड आला. गरम झाल्यावर दगा देणे हा क्रँक सेन्सरचा नेहमीचाच स्वभाव असल्याने तो बदलला आणि २,८०० रुपये गेले. आठवड्याने पी-०१९२, म्हणजे डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी, असा कोड आला, म्हणून तोही बदलला आणि आणखी ४,२०० गेले. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेल्यावर त्यांनी गाडी अर्धा तास तपासून नवा ईसीएम घालण्याचा सल्ला दिला आणि कोडिंगसह ५८ हजारांचा अंदाज लिहून दिला. निदान शेवटी बरोबर निघाले, हे मान्य करतो; परंतु ते कशावरून केले, याचे उत्तर तिथे कोणाकडेही नव्हते, आणि ५८ हजार केवळ अंदाजावर मोजण्याची माझी ऐपत नव्हती.

भुसावळच्या ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मग गेलो, ते मूळचे अमळनेरकडचे. त्यांचे पहिले वाक्य होते, "भाऊ, पहिले वायरी देखा, मंग कंप्युटरले नावं ठेवा." त्यांनी साठवलेले सगळे कोड एकत्र वाचले. पी-०१९२ च्या जोडीला ॲक्सिलरेटर पेडलचा पी-२१२२ आणि पी-०६४१ असे दोन कोड होते. वेगवेगळ्या ठिकाणचे सेन्सर एकाच वेळी आजारी पडत नसतात. ते सगळे ज्या एका पुरवठ्यावर जगतात तो पाच व्होल्टचा पुरवठा ईसीएम देतो, आणि पी-०६४१ हा नेमका त्याच पुरवठ्याचा कोड आहे. मी सात हजार रुपये खर्च केले त्या काळात हा कोड यादीत तिसऱ्या ओळीवर निमूटपणे उभा होता, पण मी पहिल्या ओळीच्या पुढे वाचलेच नव्हते.

तरीही त्यांनी ईसीएमला लगेच दोषी ठरवले नाही. गाडी थंड असताना सेन्सरच्या सॉकेटवर ५.० व्होल्ट मिळाले आणि गाडी बंद पडल्याबरोबर ३.१. एखादा सेन्सर शॉर्ट होऊन हा पुरवठा खाली ओढत असेल, म्हणून त्यांनी सेन्सर एकेक करून काढले, पण आकडा हलला नाही. मग ईसीएमचे सॉकेट काढून ती वायर कुठे बॉडीला लागते का हे पाहिले. तीही निर्दोष निघाली. यानंतरची तपासणी मला सर्वांत आवडली. ईसीएमला वीज जोडणाऱ्या मेन रिलेच्या जागी तात्पुरती वायर लावून त्यांनी ईसीएमच्या सॉकेटमधील पुरवठा आणि अर्थ यांच्यामध्ये हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडला. वायरीतली एकच बारीक तार शाबूत उरली असली तरी मल्टीमीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण बल्ब लख्ख पेटायचा तर वायरीत खरोखर दम असावा लागतो. बल्ब लख्ख पेटला. या तपासणीत इंजिनची अर्थ पट्टी मात्र दोषी सापडली. स्टार्टर मारताना तिच्यावर ०.८ व्होल्ट वाया जात होते, ते घासूनपुसून नवी लग लावल्यावर ०.१ वर आले. स्टार्टर त्या दिवसापासून जोमाने फिरू लागला. मूळ रोग तसाच राहिला.

शेवटचा पुरावा माझ्या मुलीच्या हेअर ड्रायरने दिला. इंजिन आयडलवर ठेवून, हातभर अंतरावरून ईसीएमच्या डब्यावर गरम हवा सोडली. सहाव्या मिनिटाला मल्टीमीटरवरचा आकडा ५.० वरून घसरू लागला आणि साडेतीनच्या खाली जाताच इंजिन हुंकार देऊन बंद पडले. मग टेबल फॅन लावला, तेव्हा बारा मिनिटांत गाडी पुन्हा सुरू झाली. तोच प्रयोग दुसऱ्यांदा केला आणि तेच घडले. यासाठी पेंट उडवायची हीट गन कोणी वापरू नये. तिने चांगला ईसीएमही जाईल.

डबा उघडल्यावर भिंगातून बोर्डाच्या पुरवठ्याच्या भागातील एका पायाभोवतीच्या सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर दिसली. ईसीएमच्या ब्रॅकेटचे रबरी बुश कधीतरी कोणीतरी काढून टाकले होते आणि डबा थेट पत्र्यावर आवळला होता, म्हणजे सगळे हादरे सोल्डरवरच. हौद्याचे वेल्डिंग करताना आम्ही बॅटरीची वायर काढली नव्हती, तेही कारण असू शकेल म्हणून मी प्रांजळपणे सांगितले. त्यांचा संशय मात्र हादऱ्यांवरच राहिला. पुन्हा सोल्डर करून गाडी सुरू झाली आणि बरोबर सतराव्या दिवशी एरंडोलजवळ बंद पडली. बोर्डावर आणखीही चिरा असणार, म्हणून दुरुस्तीचा नाद तिथेच सोडला.

त्यानंतर त्याच हार्डवेअर क्रमांकाचा जुना, तपासलेला ईसीएम धुळ्याहून मागवला आणि माझ्या मूळ डब्यातील सगळा डेटा त्यात उतरवून घेतला. एकूण खर्च १९,५०० रुपये आला. डेटा न उतरवता दुसऱ्या गाडीचा डबा नुसता जोडला असता, तर इमोबिलायझरने चावी ओळखली नसती आणि गाडी सुरूच झाली नसती. डेटाबरोबर इंजेक्टरचे कोडही, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरची स्वतःची ओळख सांगणारी अक्षरे, येतात. ते चारही इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेल्या अक्षरांशी ताडून पाहिले, तेव्हा तिसऱ्याचा जुळेना. दोन वर्षांपूर्वी तो इंजेक्टर बदलताना त्याचा कोड कोणी भरलाच नव्हता. तो भरल्यावर आयडलची ठकठक, जिला मी गाडीचे वय समजत होतो, निम्म्याहून कमी झाली.

आता वापराविषयी. गेल्या अकरा महिन्यांत गाडी २६ हजार किलोमीटर चालली आणि इंजिन एकदाही आपणहून बंद पडले नाही. ॲव्हरेज पूर्वीइतकेच, भरलेल्या गाडीला साडेबाराच्या आसपास आहे. ईसीएम बदलून ॲव्हरेज वाढते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. डिसेंबरात पहाटे डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला तेव्हा धस्स झाले, पण कोड पी-०३८० होता आणि दोष थंडीत इंजिन सुरू होण्याआधी ऊब देणाऱ्या ग्लो प्लगच्या रिलेत निघाला. ईसीएमला नवे रबरी बुश लावले आहेत, आणि गाडी धुणाऱ्या पोराला त्या कोपऱ्यात प्रेशरचे पाणी मारू देत नाही.

तक्रारी दोन आहेत. डब्याची हमी सहाच महिन्यांची होती, तीही सील शाबूत असेल तर. आणि पावतीवर डब्याचा क्रमांक लिहून घेण्यासाठी मला तीनदा फोन करावे लागले. शिवाय हा मार्ग माझ्या बीएस-४ गाडीला जमला म्हणून २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीलाही तसाच जमेल असे गृहीत धरू नये. त्यांत सेन्सर जास्त असतात, आणि डेटा उतरवणे शक्य आहे का हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.

परवा पारोळ्याजवळ रस्त्याच्या कामामुळे रांगेत पाऊण तास अडकलो होतो. इंजिन चालू, मागे भरलेला माल, दुपारचे दोन वाजलेले आणि बाहेर पंचेचाळीस अंश. सवयीने मल्टीमीटर लावून पाहिला, तर आकडा ४.९८ होता. जुना डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला आहे. भंगारवाला त्याचे तीन हजार द्यायला तयार आहे, पण माझ्या गाडीचा मूळ डेटा त्यातच असल्याने तो विकणार नाही.