वजन अडलं: आराम, खुराक की नवा प्लॅन?

माझा भाचा नागपुरात मनीषनगरात राहतो. वय २३. दिवाळीपासून त्याचं बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून बार वर ढकलण्याचा व्यायाम, ५५ किलोवर अडून बसलंय. गेल्या रविवारी घरी आला आणि हुरडा खाता खाता त्याने विचारलं, "मामा, प्लॅन बदलू का खुराक वाढवू? जिमातला एक जण म्हणते आराम कर, दुसरा म्हणते पावडर घे."

मी लगेच उत्तर दिलं नाही. "आधी व्यायामाची वही दाखव," म्हटलं. याच प्रश्नावर काही वर्षांपूर्वी माझे पाच महिने वाया गेले होते, आणि तेही मेहनतीत काही कसर नसताना. वाढ थांबली की मुख्य वाटा तीनच असतात. काही दिवस हलकं घ्यायचं, जास्त खायचं किंवा व्यायामाची आखणी बदलायची. तिन्ही वाटा खऱ्या आहेत, पण तुमची कोणती ते जिमातला शेजारी सांगू शकत नाही. त्याची वाट त्याच्या अडचणीतून निघालेली असते.

अडलंय की मंदावलंय?

व्यायाम सुरू केला की पहिले पाच-सहा महिने आठवड्याच्या आठवड्याला उचलायचं वजन वाढत जातं. वर्ष-दीड वर्षानंतर तीच वाढ महिन्याच्या हिशोबाने होते. त्यामुळे दोन आठवडे आकडा हलला नाही तर घाबरू नका. माझं माप असं आहे: तोच व्यायाम, त्याच क्रमाने, त्याच पद्धतीने, आणि सहा आठवड्यांत ना किलो वाढला ना रेप्स, म्हणजे ते वजन एका दमात किती वेळा उचललं तो आकडा. मग अडलं म्हणायचं.

नागपुरात ऋतूचाही हिशोब धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या जिमात कूलर फक्त दमट वारा फिरवतो. घामावाटे पाणी गेलं की ताकद घटते, भूक मरते, रात्री उकाड्याने झोप होत नाही. अशा महिन्यातला आकडा जानेवारीच्या आकड्याशी लावून पाहू नका, गेल्या मे महिन्याशी लावा. उन्हाळ्यात ताकद टिकवली तरी मी ती कमाईच समजतो.

खुराक, म्हणजे माझे पाच महिने

तेव्हा माझं बेंच ७० किलोवर थांबलं होतं. मी प्लॅन तीनदा बदलला. आधी जड वजन आणि कमी रेप्स, मग हलकं वजन आणि जास्त रेप्स, मग एका जागेवर सलग दोन-दोन व्यायाम. प्रत्येक वेळी पहिले दहा दिवस अंग दुखायचं आणि वाटायचं, आता सुटलं. सुटलं काहीच नाही. शेवटी वहीची मागची पानं चाळली तर दिसलं की पाच महिने माझं स्वतःचं वजनही ६८ किलोच होतं. शरीरावर नवं मांस चढायला जादाचं अन्न लागतं, आणि ते मी देतच नव्हतो.

माझा समज मात्र असा होता की मी भरपूर खातो. तुमचाही असेल, म्हणून एकदा मोजून बघा. सकाळी चण्याची तर्री टाकून पोहे, त्यात प्रोटीन फार तर आठ ग्रॅम. दुपारी चार पोळ्यांचं बारा, वाटीभर घट्ट वरणाचं सात, भाजी आणि भात मिळून सहा-सात. संध्याकाळी चहा-बिस्कीट, त्यात नावालाच. रात्री पुन्हा दुपारसारखंच, थोडं कमी. सगळं मिळून साठ ग्रॅमच्या आतबाहेर. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीनपर्यंत स्नायूंसाठी फायदा होत जातो, त्यापुढे सरासरी फायदा फारसा वाढत नाही. माझ्या ६८ किलोंना त्या हिशोबाने जवळजवळ ११० ग्रॅम लागत होते. म्हणजे पोट भरत होतं, पण निम्मीच गरज भागत होती.

आपल्याकडे लोक इथेच फसतात. सावजी जेवलो, दाबून जेवलो, म्हणजे खुराक झाला असं वाटतं. पण सावजीच्या ताटात प्रोटीन मटणाच्या तुकड्यांत असतं, तर्रीत असतं ते तेल आणि मसाला. तुकडे दोन आणि तर्री चार वाट्या असं जेवण झालं तर कॅलरी चढतात, प्रोटीन तिथेच राहतं.

भर घालणं अवघड नाही. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम. अर्धा लिटर टोन्ड दूध म्हणजे १५-१६ ग्रॅम आणि वर जवळपास ३०० कॅलरी. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्या म्हणजे २५ ग्रॅमच्या पुढे. सोयाबीन विदर्भात पिकतं आणि आपणच त्याच्या वड्यांना नाक मुरडतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवल्या की वास राहत नाही. प्रोटीनच्या हिशोबात यांच्याइतकी स्वस्त वस्तू किराणा दुकानात शोधून सापडणार नाही. शिवाय शंभर ग्रॅम पनीर १८ ग्रॅम देतं आणि मूठभर फुटाणे आठ-दहा.

मी अंडी, दूध आणि फुटाणे एवढंच वाढवलं. सहा आठवड्यांत वजन सव्वा किलो वाढलं आणि बेंच ७२.५ झालं. प्लॅन तोच होता, ज्याला मी नावं ठेवत होतो.

पण ही वाट कुणाची नाही तेही सांगतो. पोट सुटलेलं असेल तर जादाच्या कॅलरी नकोत, त्याच जेवणात प्रोटीनचा वाटा वाढवा. सडपातळ माणसाने रोज २००-३०० कॅलरी वाढवाव्यात. ६०-७० किलोच्या माणसाचं वजन महिन्याला एक किलोच्या आसपास वाढलं तर ठीक. तीन किलो वाढलं तर त्यातलं बरंचसं चरबीचं असतं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

आराम

हिंगणा एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करणारा माझा एक मित्र आहे. खाण्यात चोख, प्रोटीन पक्कं, आठवड्याचे सहा दिवस जिम. नाइट शिफ्टच्या आठवड्यात झोप जेमतेम पाच तास. त्याचं स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, नुसतं थांबलं नव्हतं, मागे जात होतं. ही खूण लक्षात ठेवा: अन्न कमी पडतं तेव्हा आकडा सहसा जागेवर राहतो, थकवा साचतो तेव्हा तो घसरतो. सोबत कोपर-खांदे ठणकतात, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जोरात चालते, आणि ज्या व्यायामाची वाट पाहायचो तोच नकोसा होतो.

त्याने आठ दिवस सेट, म्हणजे सलग रेप्सच्या फेऱ्या, निम्मे केले, वजन थोडं उतरवलं, आणि एकही सेट दमछाक होईपर्यंत नेला नाही. जिमात याला डिलोड म्हणतात. आठ दिवसांत स्नायू झिजत नाहीत. अगदी दोन आठवडे सुट्टी झाली तरी ताकद बहुतेक तशीच राहते. नंतर त्याने सहाचे चार दिवस केले आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, बंद केली. तिसऱ्या आठवड्यात स्क्वॉट जुन्या आकड्याच्या पुढे होतं.

हलक्या आठवड्याला नागपुरात नवतपाइतका चांगला मुहूर्त नाही. मेच्या शेवटी सुरू होणारे ते नऊ दिवस तसेही जड व्यायामाचे नसतात. घरचं लग्न असेल तर तो आठवडा धरा.

एक अट आहे. ज्याची वहीच सांगते की आठवड्याला तीनच दिवस जिम, त्यातही एक चुकलेला, त्याने डिलोड करण्यात अर्थ नाही. साचायला तेवढा थकवाच झालेला नसतो.

नवा प्लॅन

सगळ्यांना हीच वाट आवडते, कारण नवेपणात उत्साह असतो. माझ्या मते ती सगळ्यांत शेवटी तपासावी, आणि तपासताना अख्खा प्लॅन फेकू नये. आधी तीन गोष्टी मोजा.

पहिली, एका स्नायूला आठवड्यात किती जड सेट मिळतात. दहापेक्षा कमी असतील तर वाढवायला जागा आहे. वीसच्या आसपास असतील तर आणखी वाढवून बहुतेकांना फक्त थकवा मिळतो. सोमवारी छातीचे सोळा सेट एकदम मारणारे पुष्कळ दिसतात. त्यातले शेवटचे सहा सेट थकलेल्या हातांनी झालेले असतात. तेच सोळा सोमवार-गुरुवार आठ-आठ केले तर प्रत्येक सेटमध्ये दम राहतो.

दुसरी, सेट किती कठीण होतो. शेवटी अजून एक-दोन रेप्स जमल्या असत्या एवढ्यावर थांबायला हवं. पुष्कळ जण पाच-सहा शिल्लक ठेवून बार ठेवतात आणि त्यांना वाटतं जोर लावला. दोन सेटमध्ये किती थांबता तेही बघा. संध्याकाळी सातला जिमात गर्दी असते, मागे दोघं उभे असतात, म्हणून आपण पाऊण मिनिटात पुन्हा बारखाली जातो. २०१६ च्या एका अभ्यासात अनुभवी पुरुषांच्या दोन गटांना आठ आठवडे एकच व्यायाम दिला होता. तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद आणि स्नायू एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. जमत असेल तर पहाटेची वेळ घ्या. काही जणांना एवढ्या एका बदलाने फरक पडतो.

तिसरी गोष्ट वजनाच्या पायरीची, आणि ती फार कुणी बोलत नाही. बऱ्याच जिमात सगळ्यांत लहान प्लेट २.५ किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो. भाच्याच्या ५५ किलोंवर ही नऊ टक्क्यांची उडी झाली, महिन्याभरात एवढी ताकद त्याला कुठून येणार? डंबेलचं तर आणखी वाईट. माझी एक सहकारी आठ महिने खांद्याला पाच किलोचं डंबेल उचलत होती, कारण पुढचं साडेसातचं होतं. म्हणजे थेट दीडपट. तिच्या खुराकात खोट नव्हती, झोपेतही नव्हती. तिने एवढंच केलं की पाचवरच बाराच्या जागी वीस रेप्सपर्यंत गेली, आणि मग साडेसातवर आठ रेप्सपासून सुरुवात केली. हलकं वजनही दमेपर्यंत उचललं तर स्नायू जवळपास जड वजनाइतकाच वाढतो, त्यामुळे वीस रेप्स म्हणजे वेळ वाया असं मानू नका. बारसाठी १.२५ किलोच्या प्लेटांची जोडी जिममालकाकडे मागा. नसेल तर स्वतःची घेऊन बॅगेत ठेवा.

मुख्य व्यायाम मात्र दोन-तीन महिने तेच ठेवा. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १९४० च्या दशकात जखमी सैनिकांच्या उपचारात मोजून वजन वाढवत नेण्याची पद्धत रुजवली. ती चालते ती मोजण्यामुळे. दर पंधरा दिवसांनी व्यायामच बदलला तर मोजणार कशाशी?

तिघांना समोरासमोर ठेवलं तर

आरामाला खर्च नाही आणि फरक दहा-पंधरा दिवसांत कळतो. निवड चुकली तर गेला एक आठवडा. खुराकाला महिन्याचे काही रुपये लागतात, फरक दिसायला चार ते सहा आठवडे, आणि चुकलं तर कंबरेवर थोडी चरबी. प्लॅन बदलण्याचा खर्चही शून्यच, पण निकाल कळायला आठ आठवडे लागतात, म्हणून चुकलं तर दोन महिने गेले. वही स्पष्ट बोलत नसेल तर मी आधी हलका आठवडा घेईन, मग खुराक बघेन आणि प्लॅनला शेवटी हात लावेन. तिन्ही एकदम करू नका. वजन सुटलं तरी कशाने सुटलं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच उभे राहाल.

पावडरीबद्दल थोडक्यात. व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, ताटातून पुरत असेल तर गरज नाही. मास गेनरच्या, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीच्या, डब्यावरची माहिती वाचा, बहुतेकांत मोठा भाग साखर-स्टार्चचा असतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, याला मात्र भक्कम पुरावा आहे, पण ते वरचं लोणी आहे, पोळी नव्हे. आणि कुणी कानात इंजेक्शनचं नाव सांगितलं तर तिथून निघा. स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं आणि हृदयावर घाव बसतो. तेविशीतल्या पोरांना हे कुणीतरी घरच्याने स्पष्ट सांगायला हवं, म्हणून मी सांगतो.

खाऊन, झोपूनही शरीराचं वजन उतरत असेल किंवा थकवा जातच नसेल तर जिम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या.

भाच्याने संध्याकाळी वही आणली. छातीचे आठवड्याला चौदा सेट, दोन दिवसांत वाटलेले. झोप साडेसात तास. आकडा घसरलेला नाही, जागेवर आहे. शरीराचं वजन दिवाळीला ६१, आजही ६१. त्याला ९८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं आणि मिळतं पंचावन्न. ताईने रात्रीचं अर्धा लिटर दूध कबूल केलं, अंडी चार. गुरुवारी त्यांच्याकडे अंडी चालत नाहीत, त्या दिवशी सोया वडी. प्लेटांची छोटी जोडी मी माझी देऊन टाकली. पुढचं वजन रविवारी सकाळी, चहाच्या आधी.