हीटर कोअर गळतोय: बायपास की नवा?

मर्सिडीज डब्ल्यू १२३ मध्ये (१९७६ ते १९८५) हीटर कोअर, म्हणजे इंजिनाच्या गरम कूलंटनं आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर, डॅशबोर्डच्या मागे असतो. काचेवर तेलकट वाफ, गोडसर वास, पायाखाली ओला गालिचा, म्हणजे तो गळतोय.

बायपास स्वस्त. कोअरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडले की गळती थांबते आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात काही अडत नाही. पण जुलैच्या पावसात गगनबावड्याच्या घाटाकडे निघालात की काच धुरकट होते, गरम हवा मात्र मिळत नाही.

नव्या कोअरसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. खरा खर्च या मजुरीचाच, म्हणून उन्हानं तडकलेलं पॅनेल आणि जुने होजही तेव्हाच बदला. कोअर तांब्या-पितळेचा असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत डाग देऊन घेता येईल. पण पुन्हा गळला तर पुन्हा सगळं खोला! गाडी ठेवायचीच असेल, तर नवाच बसवा.