जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग: यवतमाळकडच्या एका गॅरेजचं काम

वेल्डिंग साफ, पंपाचं ब्रॅकेट पक्कं. पण पंपाची घरघर तशीच सोडतात. स्टिअरिंगच्या टाकीत ऑइलला फेस दिसला की समजा, सक्शन पाइपातून (टाकीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या) हवा शिरतेय. या गॅरेजात सक्शनलाही रिटर्नचाच (ऑइल टाकीत परत आणणारा) बारीक पाइप लावतात, क्लिपही ढिली. सक्शनला जाड, आखूड पाइप मागा, टाकी पंपाच्या वर बसवून घ्या. हवा काढायची यांना भारी घाई! पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावा, ऑइल भरत राहा. चिरचिर वेगळी: ती ढिल्या पट्ट्याची, नाहीतर तिरक्या पुलीची. दोन्ही पुल्यांवर सरळपट्टी समोर धरायला लावा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारा सूं आवाज चालतो, फक्त तसं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.